शेपूट लांब दिसली म्हणजे ऱ्हिसाच असं नाही

प्रश्न : नमस्कार. मी नागपुरात मनीष नगरला राहते. मागच्या दिवाळीच्या आधी माझ्या भावानं बुटीबोरीकडून एका भंगारवाल्याजवळून पाइनचे जुने पॅलेट, म्हणजे मालाखाली ठेवायच्या लाकडी चौकटी, आणले आणि लकडगंजच्या मिस्त्रीकडून त्याचा पुस्तकांचा रॅक करून दिला, मस्त झाला, सगळे विचारतात कुठून घेतला म्हणून. पण होळीपासून रॅकच्या खाली भुसा पडून राहिला. रोज झाडते, दुसऱ्या दिवशी परत आहेच. आणि मागच्या रविवारी खिडकीच्या जाळीवर एक काळा बारीक किडा दिसला, पाय केशरी-लाल, मागे सुईसारखी लांब शेपूट. पोट्टं इतकं ओरडलं की शेजारच्या काकू आल्या. मोबाइलच्या ॲपवर टाकलं तर नाव आलं ऱ्हिसा परस्वेझोरिया. सासूबाई म्हणतात ही डंख मारते, स्प्रे मारून मोकळी हो. मी काचेच्या ग्लासाखाली झाकून फोटो काढले, सोबत पाठवतेय, भोकांचे पण आहेत. हे नेमकं काय आहे आणि रॅक फेकायचा का ते सांगा.

ताई, सगळ्यात आधी, मारलं नाही हे फार चांगलं केलं. आणि ग्लासाखाली काढलेला तो तिसरा फोटो म्हणजे अर्धं कामच झालं, नाहीतर आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ फोटोंमध्ये किडा कमी आणि पडदाच जास्त असतो.

आता नावाचं. ही ऱ्हिसा नाही. ॲपचा दोष म्हणाल तर तो इतकाच की त्याला लांब शेपूट दिसली, आणि लांब शेपटीची जगात सगळ्यात फेमस, सगळ्यात जास्त फोटो निघालेली माशी म्हणजे ऱ्हिसा, मग त्यानं तेच नाव ठोकलं. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्येच नाव देऊन ठेवलेली माशी आहे ती, युरोपातल्या पाइनच्या जंगलात जाणारा प्रत्येक जण तिचा फोटो काढतोच. आपल्याकडे हिमालयातही सापडते, त्यामुळे पाइनच्या लाकडाबरोबर ती येणं अगदीच अशक्य नाही, म्हणून मीही आधी थांबून नीट बघितलं. पण ऱ्हिसाच्या काळ्या अंगावर दोन्ही बाजूंनी पांढुरक्या ठिपक्यांची रांग असते, डोळ्यांच्या कडेलाही पांढरं असतं, आणि शेपूट अंगापेक्षाही लांब. तुमच्या फोटोत अंग पूर्ण काळं, शेपूट जेमतेम अंगाएवढी, आणि पांढरं फक्त एकाच ठिकाणी आहे, मिशीवर मधोमध एक पट्टा. हा पट्टा बघा, कामाचा आहे.

आणि शेपूट शेपूट म्हणतो आपण, ती शेपूट नाहीच. अंडी घालायची नळी आहे आणि तिच्या दोन बाजूंना दोन म्यानं, म्हणून कधी कधी एकाच्या तीन शेपट्या दिसतात आणि लोक घाबरतात. ही नळी लाकडात घुसवून आतल्या अळीपर्यंत पोचायचं हे एकच तिचं काम. पण हे काम करणाऱ्या माश्या एका घराण्यातल्या नाहीत, चार-पाच वेगवेगळ्या घराण्यांना ही गरज पडली आणि सगळ्यांना लांब नळी आली. म्हणून नुसती शेपूट बघून नाव सांगणं म्हणजे डोक्यावर हेल्मेट आहे म्हणून हा माझा मेहुणाच असं म्हणण्यासारखं आहे.

मिशी बघा आता. तिसऱ्या फोटोत झूम केलं तर मिशीचं टोक सरळ नाही, टोकाच्या थोडं आधी ती वाकलेली आहे, गुडघा मोडल्यासारखी. हा वाकलेला भाग माझ्या मते तुमच्या तिन्ही फोटोंतला सगळ्यात मोलाचा पुरावा. ह्या गटातल्या मादीच्या मिशीच्या टोकाला बोथट खुंट्यांसारखे राठ केस असतात आणि ती त्या टोकानं लाकडावर टकटक करत चालते. आपण उन्हाळ्यात हातगाडीवर टरबूज ठोकून बघतो न, तसंच. आत पोकळी असेल, बोगदा असेल, तर आवाज बदलतो. फरक इतकाच की आपण कानानं ऐकतो आणि ती पायानं ऐकते. पायाच्या नडगीत कंपनं पकडायची सोय असते आणि ती नडगी थोडी फुगीर दिसते, तुमच्या फोटोत पुढचा पाय बघा, वर बारीक आणि मध्येच जाडसर झालाय. अळी सापडली की मग नळी खाली. म्हणजे ऱ्हिसा वासावर जास्त चालते, तिचा शिकार जिथे राहतो तिथे एक बुरशी वाढते आणि त्या बुरशीच्या वासावर ती येते, आणि तुमची ही ठोकून बघणारी. दोघींच्या धंद्याची पद्धतच वेगळी.

ह्या ठोकणाऱ्या गटाचं नाव झोरिडिनी, इक्न्युमॉन, म्हणजे दुसऱ्या किड्यांवर वाढणाऱ्या गांधीलमाशीसारख्या माश्यांच्या, मोठ्या घराण्यातलं एक छोटं कुटुंब. त्यात जगभरात मिळून चारच प्रजाती-गट आहेत. त्यातला ओडोंटोकोलॉन पाइनमध्ये बराच सापडतो पण त्याच्या मागच्या मांडीला खाली एक काटेरी दात असतो, तुमच्या फोटोत मांडी गुळगुळीत दिसते. इस्क्नोसेरॉसच्या दोन मिश्यांच्या मध्ये कपाळावर शिंग असतं, ते नाही. ॲप्लोमेरस म्हणायला मला काही आधार दिसत नाही. उरतो झोराइड्स, आणि मिशीवरचा पांढरा पट्टा त्याच्या कितीतरी माद्यांना असतो. म्हणून माझं उत्तर झोराइड्स. त्यातली नेमकी कोणती ते फोटोवरून सांगणार नाही, आणि कोणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, कारण इक्न्युमॉनच्या घराण्यात आजवर नाव मिळालेल्याच २५,००० हून जास्त जाती आहेत आणि जातीपर्यंत जायला पाठीवरचे कंगोरे, पोटाच्या पहिल्या कड्याची लांबी-रुंदी, नळीच्या टोकाचे दात हे सगळं मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं.

एक काम मात्र तुम्ही घरीच करू शकता. पंखाचा फोटो परत काढा, मागे कोरा पांढरा कागद ठेवून, कारण दुसऱ्या फोटोत पंख जाळीत मिसळून गेलेत. पुढच्या पंखाच्या मधोमध एक मोठी खिडकी असते तिचा आकार घोड्याच्या तोंडासारखा दिसतो, आणि तिच्या खाली बाहेरच्या बाजूला अजून एक आडवी शीर दिसली तर ती इक्न्युमॉन. ती शीर नसेल तर ब्रॅकॉन माशी, म्हणजे चुलत घराणं, आणि मग माझं वरचं अर्धं उत्तर मागे घ्यावं लागेल. ब्रॅकॉनमध्येही लांब शेपटीच्या, लाकूड-किड्यांवर जगणाऱ्या पुष्कळ आहेत. मी कॉलेजात असताना ह्याच शिरेवरून तोंडावर पडलोय, तेव्हापासून आधी पंख बघतो मग बोलतो. आज मिशीच्या जोरावर बोलतोय, हे मान्य.

आता किड्यापेक्षा लाकूड जास्त बोलतं, तिकडे येऊ. ऱ्हिसा कोणावर जगते, तर सायरेक्सच्या अळीवर. सायरेक्स भुंगेरा नाही, तीसुद्धा एक प्रकारची माशीच आहे, पाइनच्या खोडात अंडी घालणारी. ती बाहेर पडताना भोक पाडते ते एकदम गोल, ड्रिल मशीननं पाडल्यासारखं, आणि तिच्या बोगद्यातला भुसा आतच इतका दाबून भरलेला असतो की बाहेर सहसा पडत नाही. तुमच्याकडे रोज भुसा पडतोय. तुम्ही स्केल लावून काढलेल्या फोटोत दोन प्रकारची भोकं आहेत, मोठी लंबगोल साधारण सात मिलिमीटरची आणि एकच बारीक गोल, तीनच्या आसपास. (स्केल लावल्याबद्दल तुम्हाला वेगळे मार्क.) लंबगोल भोक म्हणजे लांब मिशांचे भुंगेरे, ज्यांना इंग्रजीत लाँगहॉर्न म्हणतात त्यांचं काम. सगळ्याच लाँगहॉर्नची भोकं लंबगोल नसतात हं, पाइनमधल्या मोनोकॅमसचं गोल असतं, पण लंबगोल दिसलं तर आधी ह्यांचंच नाव घ्यायचं. आणि ते तीन मिलिमीटरचं एकटं भोक, ते तुमच्या पाहुणीचं. तिथूनच ती निघाली.

म्हणजे आत काय झालं असेल बघा. भुंगेऱ्याची अळी सालीखाली बोगदा करत बसली होती. पॅलेट व्हायच्या आधी कधीतरी, लाकूड उघड्यावर पडलेलं असताना, ह्या माशीच्या आईनं वरून ठोकून तिला शोधलं, नळी घालून आधी तिला लुळं केलं आणि तिच्या अंगाला चिकटून एक अंडं ठेवलं. अंड्यातून निघालेल्या अळीनं त्या जाड अळीला बाहेरून हळूहळू खाऊन संपवलं, तिथेच कोष केला, आणि तुमच्या मनीष नगरच्या उन्हाळ्यानं आत ऊब पोचली तशी ती छिन्नीसारख्या जबड्यानं लाकूड कुरतडत बाहेर आली आणि उजेड म्हणून जाळीवर गेली. भुसा मात्र तिचा नाही. भुसा पाडणारी दुसरी एखादी भुंगेऱ्याची अळी अजून आत जिवंत आहे.

हे सगळं ट्रीटमेंट केलेल्या लाकडात व्हायला नको होतं. परदेशी ये-जा करणाऱ्या लाकडी पॅकिंगसाठी आयएसपीएम १५ नावाचा नियम आहे, २००२ पासूनचा, त्यात लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं टिकलं पाहिजे, किंवा मग मिथाइल ब्रोमाइडची धुरी. मग त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का, देशाची दोन अक्षरं आणि एचटी (तापवलेलं) किंवा एमबी (धुरी दिलेलं). तुमच्या रॅकच्या दोन फळ्यांवर एचटीचा शिक्का स्वच्छ दिसतोय. पण मधला आधाराचा ठोकळा बघा, त्यावर शिक्का नाही आणि एका कडेला अजून साल आहे. पॅलेट तुटलं की भंगारात कोणतंही लाकूड ठोकून दुरुस्त करतात, देशातल्या देशात फिरणाऱ्या लाकडाला शिक्क्याची सक्ती नाही. सगळी मोठी भोकं त्याच ठोकळ्यावर आहेत. तुमचा चोर तिथेच बसलाय.

त्यामुळे रॅक फेकू नका. मिस्त्रीला बोलावून तो एक ठोकळा काढून टाका, जाळून टाका, त्याच्या जागी सागाचा तुकडा बसवा. जमल्यास राहिलेली साल सगळीकडून तासून घ्या, कारण पाइनमधले बरेच लाँगहॉर्न ओल्या, सालीच्या लाकडातच अंडी घालतात, कोरड्या तासलेल्या फळीत त्यांना रस नसतो. ह्याला एक वाईट अपवाद आहे, हायलोट्रुप्स नावाचा, तो कोरड्या पाइनच्या फर्निचरमध्येही अंडी घालतो आणि त्याची अळी आत वर्षानुवर्षं राहू शकते. म्हणून ठोकळा काढल्यावर फळ्यांच्या खाली काळा कागद टाकून दोन महिने बघा. भुसा पडलाच तर मग बोरेटचं औषध, आणि तेही उघड्या लाकडावर, पॉलिशवरून मारलं तर आत जात नाही.

गच्चीवर उन्हात ठेवला तर? हे तुम्ही विचारलं नाही पण नागपूरचा माणूस विचारणारच. मे महिन्यात आपल्याकडे ४५ जातं, गच्चीवर फळीला हात लावला तर चटका बसतो, पण चटका वरच्या पृष्ठभागाचा असतो. गाभ्यात ५६ अर्धा तास टिकेल ह्याची खात्री नाही आणि फळी मात्र वाकडी होईल हे नक्की.

सासूबाईंना सांगा, ही माणसाला डंख मारायला येत नाही. चिमटीत दाबून धरली तर टोचायचा प्रयत्न करेल, तेवढं तर आपणही करू. ग्लास खिडकीबाहेर नेऊन उलटा करा. नागपुरात पाइनचं जंगल नाही, तिचं पुढे फार काही होणार नाही, पण घरात स्प्रे मारून जे होणार तेही काही बरं नाही.

प्रश्न : मी काटोलजवळ संत्र्याचा बागायतदार. बागेत झाडांच्या खोडाला भोकं पडून राहिली, बाहेर जाळं आणि भुशाच्या गोळ्या लटकतात. वाचलं की खोडातल्या किड्याला मारणारी माशी असते. ती विकत कुठं मिळते का, ट्रायको कार्डासारखी?

भाऊ, नाही मिळत. आणि मिळाली तरी तुमच्या कामाची नाही. तुम्ही वर्णन करताय ती साल खाणारी अळी, इंडारबेला, ती भुंगेऱ्याची नाही, एका पतंगाची अळी आहे. झोराइड्ससारखी माशी तिच्याकडे ढुंकून बघणार नाही.

ट्रायको कार्डाची गोष्ट वेगळी आहे. ट्रायकोग्रामा माशी दुसऱ्या किड्याच्या अंड्यात अंडं घालते, ती टाचणीच्या डोक्याएवढीही नसते, आणि धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर ती लाखांनी वाढवता येते, म्हणून ती अंडी चिकटवलेलं कार्ड स्वस्तात निघतं. लाकडातल्या अळीवर जगणारी माशी वाढवायची म्हणजे आधी लाकूड पाहिजे, मग लाकडात अळी पाहिजे, मग तिला पोसायला महिने पाहिजेत. तरी लोकांनी केलंय हं. न्यूझीलंडमध्ये सायरेक्सनं पाइनच्या बागा खायला घेतल्या तेव्हा त्यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडहून ऱ्हिसा आणून सोडली. आपल्याकडे २०१० मध्ये पपईच्या पिठ्या ढेकणासाठी असेरोफॅगस नावाची बारीक माशी बाहेरून आणली आणि तिनं खरंच काम केलं, पण तो ढेकूण उघड्यावर पानावर बसतो, त्याला शोधायला ठोकून बघावं लागत नाही.

तुम्ही साधं करा. जाळं आणि गोळ्या ब्रशनं साफ करा, भोक उघडं पडलं की लोखंडी तार आत फिरवा, मग रॉकेल किंवा पेट्रोलचा कापसाचा बोळा आत ढकलून ओल्या मातीनं बुजवा. दोन दिवसांनी ताजी गोळी दिसली तर परत. कंटाळवाणं आहे, पण हजार झाडं असली तरी किडा सगळ्यांना नसतो, आधी खूण करत फिरा. शंका असेल तर केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था नागपुरातच आहे, एक फांदी घेऊन जा, फोटोवर भागवू नका.

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात आजोबांची सागवानी खाट आहे. त्यावर झोपलं की मुंग्यांसारखं काहीतरी चावतं, ढेकूण नाहीत, दोनदा फवारणी केली. खाटेच्या पायातून पिठासारखा भुसा येतो.

हे गंमतीचं आहे, म्हणजे माझ्यासाठी, तुमच्यासाठी नाही. वरच्या ताईंची माशी हातभर शेपटीची दिसूनही काही करत नाही, आणि तुमच्याकडे बहुतेक तिचीच एक दूरची, दोन-चार मिलिमीटरची नातेवाईक आहे, स्क्लेरोडर्मस. तिच्या माद्यांना बऱ्याचदा पंखच नसतात, म्हणून त्या अगदी मुंगी दिसतात, आणि त्या माणसाला खरंच डंखतात. पिठासारखा भुसा म्हणजे सागाच्या पांढऱ्या कडेच्या लाकडातले भुंगेरे, त्यांच्या अळ्यांवर ह्या जगतात. पाइनमध्ये हे पीठ पाडणारे लिक्टस येत नाहीत, सागात येतात. गादीवर फवारून उपयोग नाही. भुंगेरे संपले की ह्या आपोआप संपतील, तेव्हा खाटेचे पाय सुट्टे करून त्यांना औषध द्या, आणि तोवर खाली चटई टाकून झोपा.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे, झूलॉजी. असे किडे ओळखण्यासाठी कुठे पाठवायचे आणि कसे?

कुठे ह्याचं उत्तर सोपं. कोलकात्याचं प्राणी सर्वेक्षण, म्हणजे झेडएसआय, त्यांचं पुण्यातही केंद्र आहे. बंगळुरूचं कृषी कीटकांचं ब्यूरो, एनबीएआयआर. आणि जंगल-लाकडाचा किडा असेल तर देहरादूनची वन संशोधन संस्था. आधी तुमच्या सरांकडून पत्र जाऊ दे, सरळ डबी पाठवू नका, उन्हाळ्यात पोस्टात काय होतं सांगायला नको.

कसे, हे महत्त्वाचं. उडणारी माशी पकडण्यापेक्षा भोकं असलेला लाकडाचा तुकडा पकडा. खरड्याचा, म्हणजे पुठ्ठ्याचा, खोका घ्या, सगळ्या फटी टेपनं बंद करा, एका बाजूला भोक पाडून पारदर्शक बाटली उलटी बसवा आणि तुकडा आत ठेवून विसरून जा. जे निघेल ते उजेडाकडे येऊन बाटलीत जमेल. भुंगेराही आणि माशीही, आणि दोन्ही एकाच तुकड्यातून निघाले हा पुरावा तुमच्याकडे राहील. घरात भिंतीवर बसणारी, पोट झेंड्यासारखं वरखाली करणारी काळी माशी मात्र त्यात येणार नाही, ती इव्हानिया, झुरळांच्या अंड्यांवर जगते, दर उन्हाळ्यात मला तिचे पंधरा-वीस फोटो येतात.

बाटलीतली माशी अल्कोहोलमध्ये घाला, नर-मादी दोन्ही मिळाले तर दोन्ही. चिठ्ठीवर तारीख, गाव, कोणतं लाकूड, कुठून आणलं, एवढं पाहिजेच. आणि चिठ्ठी पेन्सिलनं लिहा. बॉलपेननं लिहिलं की अल्कोहोलमध्ये शाई विरघळते आणि तीन महिन्यांनी हातात एक सुंदर माशी आणि एक निळं पाणी उरतं.